शिवणीतली माया

गेल्या वर्षी भवानी पेठेतल्या आमच्या दुकानात एक जुना सोफा आला. सागवानी सांगाडा, आत स्प्रिंगा, वर फाटकं रेक्झिन. गोणपाट उचकटलं, तर खालच्या पट्टीच्या सांध्यातून वाळलेला बारीक गाळ पडला. घर नारायण पेठेतलं. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं, तेव्हा सोफा पाण्याखाली होता, असं त्या घरातल्या आजी म्हणाल्या. साठ वर्षं उलटली, पण खुंटी मारलेले सांधे तसूभर हलले नव्हते. असं लाकूड जुन्या बाजारात भंगाराच्या भावाने गेलं की मला खरंच वाईट वाटतं.

त्यांच्या नातीने आजींच्या साड्यांचं गाठोडंही आणलं होतं. "काका, यातलं सगळं वापरा. एकही रंग सोडू नका."

रंगांचं जमतं हो, ताणाचं जमवावं लागतं. माणूस बसला की बैठकीचं कापड चारी बाजूंनी ओढलं जातं. इरकलीचं सूत वेगळी ओढ घेतं, खण वेगळी. उरेब कापलेला तुकडा तर सैल पडणारच. पूर्वी एकदा मी नुसते तुकडे मशीनवर जोडून बैठक चढवली होती. दोन महिन्यांत शिवणी उसवल्या. ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

मग आईची वाकळ आठवली. खाली जुन्या लुगड्यांचे थर, वर तुकडे, आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचं. ओढ एका शिवणीवर येत नाही, शेकडो टाक्यांत वाटली जाते. सोफ्याला हेच हवं होतं.

मांजरपाट धुऊन, आटवून घेतला. प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी अर्धा इंच माया सोडली, उभा धागा मागून पुढे येईल असा ठेवला. लुगडं उजेडावर धरलं की कुठे विरलंय ते कळतं. काष्ट्याजवळचं गेलेलं होतं, काठ मात्र शाबूत. ते बैठकीला घेतले. गुळेदगुड्डचे खण पाठीला लावले, कारण रेशीम घासण्याला टिकत नाही. घडीवर चिरलेला एक पदर काही वाचला नाही. तसं आजींना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ तो हातात धरून बसल्या.

धावदोऱ्याचं काम माझ्या बायकोने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी केलं, अकरा दिवस. तोवर मी स्प्रिंगा सुतळीने आठ बाजूंनी बांधल्या, काथ्या पिंजून पुन्हा भरला, वर फोमचा पातळ थर दिला.

खालचं अस्तर ठोकण्याआधी उरलेले तुकडे घडी घालून आतच बांधून ठेवले. दहा-पंधरा वर्षांनी जो कारागीर सोफा उघडेल, त्याला ठिगळाला लागतील.