अज्ञान पालनकर्ता

कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या माणसाला 'अज्ञान' म्हणतात आणि त्याच्या वतीने सही करणाऱ्याला 'अज्ञान पालनकर्ता'. यातलं अज्ञान नक्की कोणाचं, मुलाचं की पालनकर्त्याचं, हे कायद्याने मोघम ठेवलं आहे. मी वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसतो. माझ्यापुरता या प्रश्नाचा निकाल लागलेला आहे.

२०१४ साली रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडायला आणि चालवायला मुभा दिली. मुभा मुलांना मिळाली. बोलतात मात्र वडील.

"नाव काय बाळा तुझं?" मी वाकून विचारतो. वडील सांगतात.

"कितवीत आहेस?"

"सहावीत. पण गणित सातवीचं चालू आहे."

"मोठेपणी कोण होणार?"

"आम्ही आयआयटीला जाणार!" वडीलच म्हणतात. बाळ माझ्या टेबलावरच्या दोरी बांधलेल्या पेनाकडे बघत असतं. दोघांची अवस्था सारखीच.

पालकांच्या जाती असतात हा काही माझा शोध नव्हे. १९६०च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या डायना बॉमरिंड या बाईंनी बालवाडीतली मुलं आणि त्यांचे आईबाप न्याहाळून तीन जाती सांगितल्या. बाईंनी ते मानसशास्त्राच्या भाषेत लिहिलं. आम्ही बी.कॉम.; आम्हाला ते बँकेच्या भाषेतच कळतं.

पहिली जात मुदत ठेवीची. मूल एकदा पावतीत बंद केलं की मुदतीपूर्वी तोंड उघडायचं नाही, उघडल्यास दंड. 'का?' विचारायची सोय नाही. अशी मुलं शिस्तीत वाढतात, पण चार माणसांत गेली की बुजतात. दुसरी जात चालू खात्याची. केव्हाही या, कितीही काढा, वर ओव्हरड्राफ्ट! ही मुलं बुजत नाहीत, पण रांगेत उभं राहणं त्यांना जमत नाही, आणि मित्राने 'नाही' म्हटलं की जग बुडतं. तिसरी जात आवर्ती ठेवीची. हप्ता चुकवायचा नाही हे पक्कं. पण का चुकवायचा नाही ते मुलाला समजावून सांगायचं आणि त्याचंही ऐकून घ्यायचं. बाईंच्या मते स्वतःच्या पायावर उभी राहणारी, चारचौघांत मिसळणारी मुलं बहुधा इथली. पुढे १९८३ साली मॅकोबी आणि मार्टिन या दोघांच्या मांडणीतून चौथी जात आली: निष्क्रिय खातं. घरात जेवायला असतं, 'जेवलास का?' विचारायला कोणी नसतं.

आमच्या घरी संयुक्त खातं आहे. ही मुदत ठेवीच्या पंथातली, माझी आई चालू खात्याच्या. हिने परत पाठवलेला चेक चिरंजीव आजीकडे वटवून घेतात. शिवाय मुलाचा स्वभाव म्हणून काही असतोच. एकाच आईबापाचे दोन भाऊ एकसारखे कुठे असतात?

मागे एक भाजीवाल्या मावशी अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. म्हणाल्या, "तूच इचार सायबास्नी." आणि चक्क दोन पावलं मागे सरकल्या. पोरगा अडखळला, घाम पुसला, मग म्हणाला, "व्याज किती मिळंल?" मी सांगितलं. "अन् मधी काढलं तर?" तेही सांगितलं. मागे मावशींचे ओठ नुसते हलत होते, पण आवाज म्हणून बाहेर येऊ दिला नाही त्यांनी. मुलासाठी आईने घाम गाळलेला मी पुष्कळदा पाहिला आहे; गप्प राहून गाळलेला तेवढाच.

अठरा पूर्ण झाली की बँक मुलाची नवी सही घेते. त्या दिवसापासून पालकाची सही चालत नाही. खातं असं एका दिवसात सज्ञान होतं. परवाच एक दाढीमिशा फुटलेला खातेदार फॉर्म घेऊन आला आणि समोर मी बसलेलो असताना मागे वळून म्हणाला, "बाबा, सही कुठे करू?"

आमचे चिरंजीव सध्या चौदाचे आहेत. हप्ते भरायला चार वर्षं उरली. काल पाहुण्यांनी त्याला विचारलं, "काय रे, कुठल्या शाळेत?" माझे ओठ हलले. मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.