दोन ठोक्यांचा खेळ

जो खेळ शिकण्यास सोपा, तो लवकरच कंटाळवाणा होतो, असा माझा समज होता. गतवर्षीं दिवाळीच्या सुटींत एका खेळानें तो समज खोटा ठरविला, आणि त्याबरोबर माझा गर्वहि थोडा उतरविला. तोच अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहें.

17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. 1948 सालीं याच दिवशीं आपला प्रांत निजामी राजवटींतून मुक्त झाला. लातुरांत या दिवसासाठीं आमच्या लेझीमपथकाची निवड चालली होती. हलगी वाजूं लागली, कीं माझी लेझीम नेमकी इतरांच्या मागून छणके. पन्नास लेझिमींत एक मागें पडली, तरी ती लपत नाहीं. मला रांगेंतून बाहेर काढण्यांत आलें. घरीं मीं कोणास कांहींच सांगितलें नाहीं.

दिवाळीस अहमदपूर-लोह्यावरून एस. टी. नें नांदेडास आजोळीं गेलों. मामेभावाच्या संगणकावर 'ताइको नो तात्सुजिन' नांवाचा खेळ होता. ताइको म्हणजे जपानांतील मोठा ढोल, व तात्सुजिन म्हणजे त्यांतील उस्ताद. नामको या जपानी कंपनीनें 2001 सालीं हा खेळ प्रथम बाहेर आणला. त्यांत ठोके दोनच. गाणें सुरू झालें, कीं उजवीकडून डावीकडे लाल व निळ्या टिकल्या धांवत येतात. लाल टिकली वर्तुळांत शिरतांच ढोलाच्या मध्यावर ठोका द्यावयाचा. निळी आली तर कडेवर. आमच्याजवळ ढोल नव्हता, म्हणून संगणकाचीं बटणें दाबावयाचीं. एवढेंच!

पहिलें गाणें सहज साधलें. मीं फुशारकीनें एकदम शेवटची पायरी निवडली. तिचें नांव 'ओनी', म्हणजे राक्षस. कढईंत लाह्या फुटाव्या तशा टिकल्या उसळूं लागल्या, आणि माझ्या बोटांची त्रेधा उडाली. दहा वेळां खेळलों, दहाहि वेळां हरलों. मामेभाऊ हंसला, मला मात्र सप्टेंबरांतील ती रांग आठवली.

आजोबा भजनांत मृदंग वाजवितात. ते मागें येऊन बसले. पडद्याकडे न पाहतां डोळे मिटून त्यांनीं नुसतें ऐकलें आणि म्हणाले, "बाळ, ठोका आला म्हणजे तूं धांवतोस. पाहुणा दारांत उभा राहिल्यावर पाट मांडावयाचा, कीं आधींच मांडून ठेवावयाचा?"

माझी चूक मला तेव्हां उमगली. डोळ्यांनीं पाहिल्यापासून बोट हालेपर्यंत सेकंदाचा सुमारें पांचवा भाग जातो. जलद गाण्यांत तेवढ्यांत पुढची टिकली येऊन ठेपते. जो पाहून ठोकतो तो सदैव मागें राहतो. ज्याच्या मनांत ताल चालूं असतो, त्याचा हात आधींच निघालेला असतो. शिवाय माझ्या कानांत बिनतारी श्रवणयंत्रें होतीं. त्यांतून गाणेंच किंचित् उशिरां येत होतें. तीं काढून ठेवलीं.

संध्याकाळीं आजोबांनीं माझ्या हातीं टाळ दिले. भजनी ठेका आठ मात्रांचा. आधीं मोठ्यानें मोजलें, मग मनांत; चौथ्या दिवशीं मोजणेंच सुटलें, पण ताल सुटला नाहीं. त्या रात्रीं 'ओनी'च्या खालची पायरी मीं पार केली. मग आजोबांसहि आग्रहानें बसविलें. एक गाणें त्यांनीं हंसत पुरें केलें व बटणावरून हात फिरवीत म्हणाले, "खेळ चांगला आहे रे, पण हें कातडें नव्हे. हें हातास उत्तर देत नाहीं."

सुटी संपल्यावर मीं पथकांत पुन्हां परीक्षा घेण्याची विनंती केली. ती मान्य झाली.

'ओनी' मला अद्याप जिंकतां आलेला नाहीं. प्रयत्न चालूं आहे, आणि हरण्यांतहि आतां मौज वाटते. परंतु यंदाच्या 26 जानेवारीच्या संचलनांत मी शेवटच्या रांगेंत उभा होतों. हलगीवर टिपरी पडली, लेझिमी छणकल्या, आणि त्यांत माझी कोणती हें मला ओळखतां आलें नाहीं. ती सर्वांच्या आवाजांत मिसळून गेली होती.