वरळीची चाळ, नवे घर आणि आपली मुले

वरळी नाक्यावर बसमधून उतरून जांबोरी मैदानाकडे चालू लागले की पुढे शंभर वर्षांच्या बी.डी.डी. चाळी आणि त्यांच्या डोक्यावरून दिसणारे चाळीस मजल्यांचे टॉवर, असे दृश्य नजरेस पडते. १९२० नंतरच्या काही वर्षांत मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी, त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला धरून चार मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि संडास सामाईक. गिरणीत, गोदीत, पालिकेच्या सफाई खात्यात राबलेल्या आपल्या दोन-तीन पिढ्या इथे वाढल्या. १९७४ साली वरळीत दंगल झाली, तीही याच चाळींनी सोसली.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी इथल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पाचशे चौरस फुटांचे घर, संडास-बाथरूम आत, लिफ्ट. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. एका खोलीत आयुष्य काढलेल्यांचा तो हक्कच होता. नळाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या आयाबहिणींना त्याचे मोल विचारा.

पण मी गेलो होतो तो मुलांची चौकशी करायला. एका घरी जयभीम झाला, चहा झाला आणि त्या ताई म्हणाल्या, "दादा, इथं सगळं आहे. पण पोरगं संध्याकाळी दार उघडून उभं राहतं आणि विचारतं, आई, सगळे गेले कुठं?"

या प्रश्नावर मोठी माणसे हसतात. हसण्यासारखे त्यात काही नाही. चाळीतल्या मुलाचे घर १६० चौरस फुटांचे कधी नव्हतेच. दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधला लांब पॅसेज, जिना, शेजारच्या मावशीची खाट, खालचे मैदान, हे सगळे त्याचे घर होते. अभ्यास एकीकडे, जेवण दुसरीकडे, आणि रडू आले तर तिसऱ्या दारात जायचे. आपले घर मोठे झाले, त्याचे मात्र लहान झाले. त्यात नवी घरे सोडतीने मिळालेली, त्यामुळे समोरच्या खोलीतला दोस्त आता भलत्याच मजल्यावर. शिवाय मधली काही वर्षे कुणी संक्रमण शिबिरात, तर कुणी लांब भाड्याच्या जागेत काढलेली. म्हणजे दहा वर्षांच्या पोराचा हा दुसरा-तिसरा संसार. "एवढं चांगलं घर मिळालं, अजून काय पाहिजे?" असे त्याला दटावू नये. तो जुन्या जागेविषयी बोलत असेल तर बोलू द्यावे. आपल्यालाही ती आठवतेच की.

बाबासाहेबांचे बालपण तरी एका जागी कुठे गेले? महू, दापोली, सातारा आणि मग मुंबईत परळची डबक चाळ. साताऱ्यात आई गेली. परळला सगळ्या कुटुंबाला मिळून एकच खोली. रामजी सुभेदार भीमाला लवकर झोपवीत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवीत. जागा वाढवणे त्यांच्या हाती नव्हते, पण त्या खोलीत मुलाचा वेळ आणि कोपरा त्यांनी ठरवून दिला. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. आपण नव्या घरात आधी टी.व्ही.ची भिंत ठरवतो, मग सोफ्याची. मुलाच्या अभ्यासाची जागा उरलीच तर!

आणखी एक गोष्ट, जी बोलायला आपले लोक कचरतात. चाळीत आपण आपल्या माणसांत होतो. नव्या मजल्यावर शेजारी कोणत्याही समाजाचे असतील. सोसायटीत राहायला गेल्यावर काही घरांतून बाबासाहेबांची तसबीर बाहेरच्या खोलीतून हळूच आतल्या खोलीत गेलेली मी पाहिली आहे. आईबाप म्हणतात, उगीच पोरांना कुणी बोलायला नको. पण मूल ते बघत असते. लपवण्याजोगे काहीतरी आपल्यात आहे, हे त्याला शाळेच्या आधी घरातच कळते. पहिल्या दिवशी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी मुलाच्या हाताने दर्शनी भिंतीवर लावून घ्या. कुणी विचारले तर काय सांगायचे, तेही त्याच्याशी बोलून ठेवा. मग शेजाऱ्यांच्या मुलांना खीर खायला बोलवा. भीती बहुधा आपल्याच मनात जास्त असते.

चाळी टप्प्याटप्प्याने पाडल्या जात आहेत, म्हणून ज्यांचे जाणे अजून व्हायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. सामान हलवण्याआधी मुलाला नवी जागा एकदा दाखवा, मजला मोजू द्या. त्याच्या वस्तूंचे खोके त्यालाच भरू द्या आणि त्यातले काय टाकायचे ते आपण ठरवू नका. जमत असेल तर वर्ष संपेपर्यंत शाळा बदलू नका. रविवारची वंदना जुन्याच विहारात चालू ठेवा, दोस्त तिथे भेटतात. लहान मुलांना लिफ्टमधून एकटे सोडवत नाही हे खरे, पण म्हणून त्यांना मोबाईल देऊन घरात बसवू नका. संध्याकाळी जांबोरी मैदानावर नेणारा एक मोठा माणूस लागतो. त्या ताईंच्या विंगेत तीन घरांनी मिळून पाळी लावली आहे. सोमवारी एकीचे आजोबा, मंगळवारी दुसरीचा थोरला मुलगा. सात-आठ पोरे एकाच लिफ्टने खाली उतरतात.