बुडालेलं आणि बुडवलेलं

शीळफाट्यावर उभं राहिलं तर समुद्र कुठेच दिसत नाही. दिसतात ते न्हावा-शेव्याहून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले ट्रेलर, त्यांच्या पाठीवरचे गंजलेले कंटेनर आणि रस्त्याकडेची भंगाराची गोदामं. तरी पाण्याखाली शिरायचा एक रस्ता इथूनच निघणार आहे. बुलेट ट्रेनचा वांद्रे-कुर्ला संकुल ते शीळफाटा असा 21 किलोमीटरचा बोगदा होतोय, त्यातले 7 किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. त्याआधी पाण्याखाली जाणं ही इथे डुबीवाल्यांची रोजंदारी होती. मुंब्र्याच्या रेतीबंदराजवळ छातीत श्वास कोंडून, हातात बादली घेऊन ते खाडीचा तळ गाठत आणि रेती भरून वर येत. पाणी असं गढूळ की तळ हाताला लागायचा, डोळ्यांना नाही. जहाजाच्या लोखंडाचा शेवट कसा व्हावा, याचा विचार करायला ही जागा वाटते तितकी परकी नाही.

लोखंडी जहाजाला तीनच शेवट असतात. पहिला भंगाराचा. 1971 च्या युद्धात गाजलेली ‘विक्रांत’ 2014 मध्ये मुंबईच्या दारूखान्यात तोडायला गेली आणि तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटरसायकल 2016 मध्ये शोरूममध्ये आली. (युद्धनौका हप्त्यावर विकत घेता येईल असं कुणाला वाटलं होतं?) उरलेले दोन शेवट मराठीने एका अक्षराच्या फरकाने वेगळे ठेवलेत: बुडणं आणि बुडवणं. तळाशी गेलेली दोन्ही जहाजं सारखीच दिसतात. शेवाळ, शंख-शिंपले, मोडक्या शिडीत घर केलेले मासे. पण एकात माणसं होती आणि दुसरं रिकामं करून नेलं होतं. स्कूबा करणाऱ्याने पाण्यात उतरण्याआधी हा फरक विचारात घ्यायला हवा. हौसेची बुडी बुडवलेल्या जहाजावर मारावी. बुडालेल्या जहाजावर जायचंच असेल, तर काहीतरी काम घेऊन जावं.

बुडवलेल्याचं उदाहरण घरचंच आहे. ‘गुलदार’ ही नौदलाची, सैन्य किनाऱ्यावर उतरवणारी नौका पोलंडमधल्या ग्डिनियात बांधलेली. सुमारे 84 मीटर लांब, 30 डिसेंबर 1985 ला सेवेत आली आणि 12 जानेवारी 2024 ला पोर्ट ब्लेअरमध्ये निवृत्त झाली. पुढे ती महाराष्ट्राच्या पर्यटन विकास महामंडळाकडे सोपवण्यात आली. सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ तिला तळाशी बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करायची, असा बेत. अशा जहाजातलं तेल, रंग, वायरी आधी काढाव्या लागतात, पाणबुड्याला बाहेरचा उजेड दिसत राहावा म्हणून जागोजागी दारं कापावी लागतात. हे नीट केलं नाही, तर संग्रहालयाच्या नावाखाली भंगारच समुद्रात टाकल्यासारखं होईल. तेवढी खबरदारी घेतली, तर मात्र तिच्यावर हसत-खेळत पोहायला काहीच हरकत नसावी. तिथे कुणी मेलेलं नाही.

बुडालेल्या जहाजाची गोष्ट निराळी, आणि त्याचं कारण केवळ भावनेचं नाही, शरीराचंही आहे. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. 30 मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. टाकीतली हवा त्याच प्रमाणात भराभर संपते. लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच विझतो, मग सगळं निळं-राखाडी. तीसच्या आसपास हवेतला नायट्रोजन डोक्यात चढू लागतो आणि माणसाला विनाकारण बरं वाटायला लागतं. श्रीलंकेत बट्टिकलोआसमोर 9 एप्रिल 1942 रोजी जपानी विमानांनी बुडवलेली ब्रिटिश विमानवाहू ‘हर्मीस’ सुमारे 53 मीटरवर आहे, म्हणजे हौशी पाणबुड्यांच्या 40 मीटरच्या मर्यादेच्याही बऱ्याच खाली. (इथे व्याकरण अडतं खरं: ती शत्रूने बुडवली, आतल्या माणसांच्या बाजूने ती बुडाली. मी आतल्या माणसांचं व्याकरण धरतो.) तिच्याबरोबर तीनशेहून जास्त माणसं गेली. तिथे पोचणाऱ्याचे डोळे बहुतेक वेळ मनगटावरच्या काट्यांवर असतात, आणि जो थोडा वेळ जहाजाकडे जातो त्यात झिंग मिसळलेली असते. गंभीर व्हायचं त्याच जागी शरीर गंभीर राहू देत नाही. खोल बुडीला ‘श्रद्धांजली’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

यावर मराठी माणूस लगेच म्हणेल की सिंहगडावरही माणसं पडली, आणि आपण तिथे पिठलं-भाकरी खातो. मुद्दा खोटा नाही. पण गडावर पडलेल्यांचं काय झालं ते आपल्याला माहीत असतं. तानाजींची समाधी आहे, बाकीच्यांनाही माती किंवा अग्नी मिळाला. बुडालेल्या जहाजात भिंत, छत आणि कबर एकच असते. तुलनाच करायची तर शीळ-डायघरशी करावी. 4 एप्रिल 2013 रोजी तिथली बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली आणि 74 जण गेले. त्या ढिगाऱ्याभोवती तिकीट लावून फेरी काढायची कल्पनाही कुणी केली नाही. तेच लोखंड पाण्याखाली गेलं आणि त्यावर मासे आले की मन मोकळं होतं, कारण मासे देखावा सुंदर करतात. माशांना घर मिळतं हे खरं, पण माशांना प्रेक्षक लागत नाहीत.

कामासाठी जाणं वेगळं, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने दाखवून दिलंय. मुरगावजवळच्या सुंची खडकावर फुटलेल्या सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष तिच्या पुरातत्त्वज्ञांनी उथळ, लाटांनी ढवळलेल्या पाण्यात तपासले. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, मार्तबानचे रांजण, चिनी मातीची भांडी. पाणघोडा आफ्रिकेचा, रांजण ब्रह्मदेशाकडचे. एका बुडालेल्या गलबताने आपल्या किनाऱ्याचा हिशेब परत मांडून दिला. युनेस्कोच्या 2001 च्या करारातही अशा अवशेषांना जागेवरच राखण्याला पहिली पसंती आहे, आणि शंभर वर्षं पाण्याखाली राहिलेल्या गोष्टींना वारसा म्हटलंय.

सर्वांत अवघड आक्षेप वेगळाच आहे: कुणी गेलंच नाही, तर विसर पडेल. भारतीय नौदलाची युद्धनौका ‘खुकरी’ 9 डिसेंबर 1971 रोजी दीवसमोर बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. तिला पाहायला कुणी तळाशी जात नाही. दीवच्या टेकडीवर काचेच्या पेटीत तिची प्रतिकृती ठेवली आहे, आणि लोक तिथून समुद्राकडे बघतात. आठवण ठेवायला तळ गाठावा लागत नाही, हे तिथे दिसतं. ‘रामदास’चं एवढंही धड झालं नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट सहाशेहून जास्त माणसं घेऊन गेली, आणि महिन्याभरात आलेल्या स्वातंत्र्याच्या गजरात तिचा आवाज दबला. 2047 मध्ये तिला शंभर वर्षं होतील आणि करारातल्या व्याख्येप्रमाणे ती वारसा ठरेल. तिथलं पाणी रेतीबंदरासारखंच गढूळ आहे. चष्मा लावून उतरणाऱ्याला आपला हात दिसणार नाही. त्याच पाण्यावरून भाऊच्या धक्क्याहून रेवसची लाँच जाते, टोपल्या, पिशव्या आणि माणसं घेऊन.