पोटातला राग

मराठी भाषेने माणसाच्या पोटावर जेवढा भार टाकला आहे, तेवढा दुसऱ्या अवयवावर क्वचितच टाकला असेल. कुणाचा अपराध क्षमा करावयाचा असला म्हणजे आपण तो पोटात घालतो. गुपित सांभाळावयाचे तर ते पोटात ठेवतो. शेजाऱ्याची भरभराट पाहून काहींना पोटशूळ उठतो, निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो आणि एखादी गोष्ट मनापासून सांगावयाची झाली म्हणजे ती आपण पोटतिडकीने सांगतो. क्षमा, मत्सर, भय, कळकळ या साऱ्या मनाच्या वृत्ती. पण भाषेने त्यांना घर दिले ते पोटात. मी भाषेची शिक्षिका आहे. अशा वाक्प्रचारांचे अर्थ सांगून त्यांचा वाक्यात उपयोग करवून घेण्यात माझे बरेचसे दिवस जातात, आणि या शब्दांवर माझे प्रेमही आहे. तथापि एक शंका माझ्या मनात वरचेवर डोकावते. भाषेने केलेली ही वाटणी आपण अक्षरशः खरी तर मानीत नाही ना? मनातले सारे पोटात जाते असे एकदा धरले, की ज्याचे पोट दुखते त्याच्या मनातच काही खोट असली पाहिजे, असे म्हणावयास कितीसा वेळ लागतो?

आमच्या घरात नेमके हेच घडले. माझे मामा फोंड्याच्या बाजारात किराणा मालाचे दुकान चालवीत. माणूस सचोटीचा, पण तापट. वजनाविषयी कुणी शंका काढली की त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जाई. मला कळू लागल्यापासून त्यांचे पोट दुखतच होते. मध्यरात्री ते उठत, कपभर थंड दूध पीत आणि एका हाताने पोट दाबून ओट्यावर बसून राहत. चवथीला साऱ्या घराला पंचपक्वान्ने, आणि त्यांच्यापुढे उकड्या तांदळाची मऊ पेज. तिखट वर्ज्य, लोणचे वर्ज्य, सोलांची कढीदेखील वर्ज्य. आजी निःश्वास टाकून म्हणे, “ताचो राग ताच्याच पोटांत वता.” तिच्या बोलण्यात माया होती, पण निवाडाही होता, आणि तो साऱ्या घराला मान्य होता. याहून वाईट गोष्ट ही, की पुढे पुढे तो मामांनाही मान्य झाला. पोटात कळ आली की काल आपण कुणावर रागावलो याचा ते हिशेब मांडीत. काही काळ त्यांनी सोमवारी मौन धरून पाहिले. जत्रेला जाणे सोडले. वेदना होतीच, तिच्या जोडीला अपराधाची भावना आली.

यात आमच्या घराचा विशेष दोष होता असे मला वाटत नाही. विसाव्या शतकाचा बराच मोठा काळ जगातले नामवंत वैद्यही जवळजवळ हेच सांगत होते. जठरात किंवा लहान आतड्याच्या आरंभी जो व्रण होतो, ज्याला आपण अल्सर म्हणतो, तो वाढलेल्या आम्लामुळे होतो, आणि आम्ल वाढते ते चिंतेने, धावपळीने व चमचमीत खाण्याने, अशी समजूत दृढ होती. अमेरिकेतील बर्ट्राम सिपी यांनी 1915 साली तासातासाला दूध व साय देण्याचा आहार सुचविला आणि तो कित्येक वर्षे चालला. कुणाच्या जठराचा भाग कापून काढीत, कुणाची जठराकडे जाणारी मज्जा तोडीत. 1976 साली सिमेटिडीन हे आम्ल कमी करणारे औषध बाजारात आले. त्याच्या शोधात प्रमुख वाटा असलेल्या जेम्स ब्लॅक यांना पुढे 1988 साली नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधाने व्रण भरून येत; पण औषध थांबविले की बहुधा पुन्हा उघडत. रोगी बरा होत असे, मुक्त होत नसे.

मुक्तीची वाट सापडण्यासाठी आधी जिवंत माणसाच्या जठरात डोकावता येणे आवश्यक होते. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि अन्ननलिकेची वाट तर वळणाची. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून प्रकाश वळवून नेता येतो, हे हॅरोल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी 1954 साली प्रसिद्ध केले. त्या तत्त्वावर बेसिल हर्शोविट्झ यांनी लवचीक नळी तयार केली आणि 1957 साली ती प्रथम स्वतःच्याच घशातून उतरविली. आपल्याकडे लोक जिला ‘दुर्बीण घालणे’ म्हणतात, ती तपासणी या नळीपासून सुरू झाली. नळीतून जठर दिसू लागले, आणि त्याच्या आवरणाचा तिळाएवढा तुकडा तपासणीसाठी काढणे सोपे झाले.

असेच तुकडे ऑस्ट्रेलियात पर्थ येथील इस्पितळात रॉबिन वॉरन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. 1979 सालच्या जून महिन्यात त्यांना एका तुकड्यावर वाकड्या आकाराचे असंख्य जंतू दिसले. इतक्या तीव्र आम्लात जंतू जगूच शकत नाहीत, असे पाठ्यपुस्तके सांगत होती. सहकाऱ्यांचाही विश्वास बसेना. वॉरन मात्र पाहतच राहिले, आणि जेथे जठराला सूज तेथे हे जंतू, हा मेळ त्यांना पुनःपुन्हा आढळला. 1981 साली बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. दोघांनी शंभर रोग्यांचे तुकडे तपासावयाचे ठरविले. प्रयोगशाळेत जंतूंची वाढ करण्याचे प्रयत्न मात्र एकामागून एक फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही तर बशी टाकून देण्याची तेथे रीत होती. 1982 साली ईस्टरच्या लांबलेल्या सुटीमुळे काही बशा पाच दिवस तशाच राहून गेल्या, आणि उघडून पाहतात तो जंतू वाढलेले! त्यांना फक्त अधिक वेळ हवा होता.

पुरावा हाती आला म्हणून जग लगेच मान डोलावीत नाही. 1983 साली ऑस्ट्रेलियातील पचनविकारतज्ज्ञांच्या परिषदेने मार्शल यांचा निबंध नाकारला. प्रयोगशाळेतील प्राण्यांना हा रोग लावण्याचे प्रयत्नही निष्फळ झाले. अखेर 1984 साली मार्शल यांनी आपले जठर निरोगी असल्याची खात्री करून घेतली आणि त्या जंतूंनी भरलेले पाणी स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांतच मळमळ, वांत्या व श्वासाला दुर्गंधी सुरू झाली. नळी घालून पाहिले तेव्हा जठराला सूज आलेली होती व तेथे तेच जंतू होते. व्रण झाला नव्हता, तेवढे थांबण्याची गरजही नव्हती. हे साहस तुम्हा मुलांनी वाचून विसरावे, अनुकरणीय मानू नये! अनुकरण करण्यासारखे काही असेल, तर ते वॉरन यांचे वर्षानुवर्षे शांतपणे पाहत राहणे.

या जंतूला पुढे ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हे नाव मिळाले. त्यातील पहिल्या शब्दात मळसूत्रासारख्या आकाराचा निर्देश आहे, आणि ‘पायलोरस’ म्हणजे ग्रीक भाषेत द्वारपाल. जठराच्या खालच्या दाराला हे नाव आहे. दारापाशी दडून बसलेल्या या चोराची युक्ती मोठी विलक्षण. तो युरिया या द्रव्याचे विघटन करून अमोनिया बनवितो, आणि अमोनियाच्या कवचामुळे भोवतालचे आम्ल निष्प्रभ होते. गंमत अशी, की हीच युक्ती त्याला पकडून देते. रोग्याला विशिष्ट कार्बन असलेला युरिया प्यावयास देतात. अर्ध्या तासाच्या आत-बाहेर तोच कार्बन त्याच्या श्वासात सापडला, तर चोर घरात आहे असे समजावे. शौचाच्या तपासणीनेही त्याचा माग लागतो. या साध्या तपासण्यांमुळे प्रत्येकाला दुर्बीण घालण्याची गरज उरली नाही.

1994 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलाविलेल्या तज्ज्ञसभेने, हे जंतू असलेल्या अल्सरच्या रोग्यांना प्रतिजैविके द्यावीत, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला जठराच्या कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले. पर्थहून निघालेली ही वार्ता फोंड्याच्या बाजारात पोहोचावयास आणखी नऊ वर्षे लागली. 2003 साली, मी सहावीत असताना, मामांना एका तरुण डॉक्टरांकडे नेण्यात आले. त्यांनी दुर्बीण घातली, तुकडा काढून पिवळ्या औषधात ठेवला आणि तो गुलाबी झालेला मामांना दाखविला. दोन आठवडे गोळ्या झाल्या. त्यानंतर मामांचे पोट दुखले नाही. पुढल्या चवथीला त्यांनी सोलांची कढी दोनदा मागून घेतली.

आणि त्यांचा राग? तो होता तसाच राहिला. वजनाविषयी शंका काढणाऱ्याला आजही त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू येतो. राग कायम आणि पोट निरोगी, याहून स्पष्ट पुरावा आमच्या घराला कोणता हवा होता? आजीने मात्र एवढेच म्हटले, “मग इतकीं वर्सां आमी ताका कित्याक बोल लायलो?” या प्रश्नाला उत्तर नव्हते. 2005 साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा मामांनी वर्तमानपत्रातले त्यांचे छायाचित्र कापून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटविले. वॉरन 2024 साली निवर्तले. ते छायाचित्र पिवळे पडून अजून तेथे आहे.

या विषयातले काम संपलेले नाही. चीनच्या शांडोंग प्रांतातील लिंचू परगण्यात 980 गावांतल्या सुमारे 1,80,000 लोकांना घेऊन केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. ज्या गावांत श्वासाची तपासणी करून जंतूंवर पूर्ण औषध दिले गेले, तेथे सुमारे बारा वर्षांत जठराचा कर्करोग इतर गावांपेक्षा 14 टक्क्यांनी कमी आढळला. एकीकडे हे यश, तर दुसरीकडे जुनी प्रतिजैविके या जंतूपुढे निष्प्रभ ठरू लागली आहेत. म्हणून आता पुष्कळ ठिकाणी चार औषधे चौदा दिवस एकत्र देतात. ती मध्येच सोडली, किंवा दुकानातून आपल्या मनाने आणून घेतली, तर जंतू अधिक शिरजोर होतो.

दोन गोष्टी येथे स्पष्ट केल्या पाहिजेत. हा जंतू असलेल्या बहुसंख्य माणसांना अल्सर कधीच होत नाही. आणि प्रत्येक अल्सर या जंतूमुळे होतो असेही नाही. सांधे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनाही तो होतो. शिवाय चिंतेने पोट बिघडत नाही असे मी म्हणत नाही. मन आणि आतडी यांचे नाते खरे आहे. पण ते नाते आहे म्हणून तपासणीच करावयाची नाही, हा कुठला न्याय?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरातही रात्री उठून पोट दाबून बसणारे कुणी असेल. आई असेल, आजोबा असतील. त्यांना “तुम्ही फार चिंता करता” असे सांगणे सोपे आहे. त्याऐवजी त्यांना विचारा, किती दिवस दुखते? अन्न गिळताना अडते का? वजन उतरले का? शौच डांबरासारखे काळे होते का, उलटीत रक्त पडते का? यांतल्या शेवटल्या दोन प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. इतरांसाठीही फार दिवस दवडू नका. वाक्प्रचार वहीत सुंदर दिसतात, निबंधात ते अवश्य वापरा, मी त्यांना गुणही देईन. पण जिवंत माणूस समोर कण्हत असताना त्याच्या स्वभावाचा निबंध लिहू नका. आधी त्याचे दुखणे काय आहे ते पाहा.