दिवस मावळण्यापूर्वी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका व्यापाऱ्यांना पेठेत सर्वजण अण्णा म्हणतात आणि त्यांच्या पत्नीस काकी. विवाहाला अडतीस वर्षे झाली. विवाहानंतरच्या तिसऱ्या वर्षी काकींनी कुंभोज-बाहुबली येथे रात्रीभोजनत्यागाचे व्रत घेतले. तेव्हापासून सूर्यास्तापूर्वी त्यांचे जेवण आटोपते आणि अण्णांचे ताट झाकून ठेवले जाते. अण्णा नऊच्या सुमारास घरी येतात आणि एकटेच जेवतात. व्रत सोडावे असे काकींना कधी वाटले नाही. दुकान लवकर बंद करावे असे अण्णांना कधी सुचले नाही. या व्यवस्थेबद्दल दोघांत कधी वाद झाला नाही, कारण तिच्याविषयी कधी बोलणेच झाले नाही.

चातुर्मास संपला, दिवाळीत नव्या वह्यांचे पूजन झाले आणि मुलाने थायलंडची दोन तिकिटे अण्णांच्या हातात ठेवली. हळदीचा हंगाम फेब्रुवारीपासून. डिसेंबरात पेठ त्या मानाने निवांत असते. नकार देण्यास कारण उरले नव्हते. तरीही अण्णांच्या मनात एक सल होताच. आपल्याला गादीवरून उठविण्याची ही सुरुवात तर नव्हे? हे त्यांनी कोणासही बोलून दाखविले नाही. काकींची चिंता निराळी होती. परक्या मुलुखात शुद्ध आहार मिळेल का आणि वेळेवर मिळेल का? त्यांनी दशम्या, भाजणी, मेतकूट, लाडू, पाणी गाळण्याचे वस्त्र आणि पाणी उकळण्यासाठी विजेची किटली असा सगळा संसार बॅगेत भरला.

बँकॉकमध्ये घड्याळ दीड तास पुढे करावे लागते. डिसेंबरात तेथे सहाच्या आतच सूर्य मावळतो. पहिल्या दिवशी दोघे वाट फो या मंदिरात गेले. तेथील शयनस्थ बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे. मूर्तीच्या पाठीमागील बाजूस भिंतीलगत १०८ कांस्यपात्रे ओळीने मांडलेली आहेत आणि भाविक प्रत्येक पात्रात एकेक नाणे टाकीत पुढे सरकतात. नाण्यांचा तो किणकिणाट संपूर्ण दालनात भरून राहतो. काकींनी नाणी घेतली नाहीत. त्या प्रत्येक पात्रापाशी क्षणभर थांबत आणि मनात णमोकार मंत्र म्हणत गेल्या. ओळ संपली तेव्हा एक माळ पूर्ण झाली होती. अण्णा दाराशी उभे राहून मुलाला फोनवर आवकेचे आकडे विचारीत होते.

सायंकाळी पाहुरत भागात दोघांनी जेवण घेतले. भारतीय कापड व्यापाऱ्यांची ही जुनी वस्ती असून तेथे शाकाहारी भोजनालये आहेत. सिलोम-महेसक परिसरात रत्नांचा मोठा व्यापार चालतो. त्यात भारतातून गेलेली जैन कुटुंबेही आहेत आणि त्या भागात जैन मंदिरही आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथे दर्शन झाल्यावर काकींचा निम्मा भार हलका झाला.

उरलेला भार एका पिवळ्या कागदी झेंड्याने हलका केला. थायलंडमध्ये चिनी वंशाच्या लोकांत ‘जे’ नावाची आहारपद्धती रूढ आहे. चांद्र पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस तिचा उत्सव असतो; परंतु त्या पद्धतीची दुकाने वर्षभर चालू असतात. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरे ही तिची खूण. त्यात मांस, मासे, अंडी नाहीत, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही! घरापासून इतक्या दूर कांदा-लसूण वर्ज्य मानणारी माणसे आहेत, याचे काकींना अपार नवल वाटले. बटाटा, मुळा, अळंबी मात्र त्यांना चालतात, म्हणून विचारून घ्यावेच लागते. साध्या शाकाहारासाठी थाई भाषेत ‘मांगसविरत’ असा शब्द आहे. त्यातील ‘मांस’ आणि ‘विरती’ काकींनी ऐकताक्षणी ओळखले. इतरत्र मात्र सावध राहावे लागते, कारण नुसत्या भाजीतही ‘नाम प्ला’ म्हणजे माशांपासून केलेला रस घालण्याची तेथे सर्रास चाल आहे.

तिसऱ्या दिवशी अयुथ्थया पाहण्याचे ठरले. बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवरील ही सयामची प्राचीन राजधानी १३५० मध्ये स्थापन झाली आणि १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने ती उद्ध्वस्त केली. तिचे नाव अयोध्येवरून आलेले. भगवान ऋषभदेवांच्या जन्मभूमीचे नाव इतक्या दूर एका नगरीला मिळाले, हे ऐकून काकींनी नकळत हात जोडले. तीन नद्यांच्या मध्ये वसलेले हे शहर व्यापारावर मोठे झाले. पोर्तुगीज, डच, जपानी व्यापाऱ्यांच्या वसाहती तेथे नदीकाठी होत्या. कृष्णाकाठी जन्म काढलेल्या अण्णांना हे चटकन उमगले. जहाजे येत, माल उतरे, भाव ठरत. आज तेथे शिरविहीन मूर्ती, विटांचे उंच स्तूप आणि गवत आहे. वाट महाथात या भग्न मंदिरात झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धमस्तक आहे. त्याच्यापेक्षा आपले डोके उंच राहू नये म्हणून छायाचित्र घेणारे खाली बसतात. अण्णाही बसले. बराच वेळ उठले नाहीत. चार शतके चाललेली पेठ बंद होऊ शकते, एवढेच ते नंतर म्हणाले.

साडेचार वाजता काकींनी घड्याळ पाहिले. सोबत आलेल्या मार्गदर्शक बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांना मोडक्या इंग्रजीत कसे समजावावे, या विवंचनेत काकी असतानाच अण्णांनी सांगून टाकले, “ही सूर्यास्तानंतर जेवत नाही. पाणीही घेत नाही.” बाईंना मुळीच आश्चर्य वाटले नाही. त्यांच्या देशात भिक्षू सकाळी भिक्षा घेतात आणि मध्यान्हानंतर अन्न घेत नाहीत. प्रत्येक पक्षात अष्टमीला आणि पक्षाच्या अखेरीस ‘वान फ्रा’ म्हणजे उपोसथाचा दिवस येतो. त्या दिवशी अष्टशील पाळणारे गृहस्थही दुपारनंतर जेवत नाहीत. “माझी आई पाळते,” त्या म्हणाल्या. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या काकींना ही बाई एकदम आपल्यातली वाटली. भिक्षूंच्या पात्रात मांसही पडते आणि ते स्वीकारले जाते, हे कळल्यावर त्या थोड्या खिन्न झाल्या. दोन परंपरांचे अंतर तेथे स्पष्ट होते. तरी घड्याळाचा धाक दोघींच्या घरी सारखाच होता.

नदीकाठी सावली पाहून दशम्या, केळी आणि पोमेलो असे जेवण मांडले. बाईंनी सहज विचारले, “हेही रोज तुमच्याबरोबर या वेळी जेवतात ना?”

काकी क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “त्यांचे दुकान असते.”

या उत्तरात तक्रार नव्हती. अण्णांना ते लागले त्याचे कारणही कदाचित तेच असावे. हातातील घास त्यांनी तसाच धरून ठेवला. लग्नापासून आपण किती संध्याकाळी हिच्याबरोबर जेवलो, याचा हिशेब ते मनात करू लागले. लाखोंचे व्यवहार तोंडी सांभाळणाऱ्या माणसाला तो आकडा फार लवकर सापडला. सणासुदीचे आणि लग्नकार्याचे दिवस वगळले, तर गेल्या तीन संध्याकाळी एवढीच ती जमा होती.

चौथ्या दिवशी पाच वाजता स्थानकावर जेवण उरकून दोघे चियांग माईच्या गाडीत बसले. सुमारे ७५० किलोमीटरचा तो प्रवास रात्रभर चालतो. वाटेत फोन लागेना. सकाळी तो लागला तेव्हा मुलाने सांगितले की, मालाच्या प्रतीवरून शेतकरी आणि खरेदीदार यांच्यात वाद झाला होता. तो त्याने समोर पोते फोडून मिटविला. “मला विचारले नाहीस?” अण्णांनी म्हटले. “फोन लागत नव्हता, बाबा,” उत्तर आले. अण्णांनी पुढे काही विचारले नाही. त्या दिवशी त्यांनी दुकानात पुन्हा फोन केला नाही.

१२९६ मध्ये वसविलेले चियांग माई आजही चौकोनी खंदकाच्या आत आपले जुने रूप राखून आहे. डोंगरावरील डोई सुथेपचे मंदिर चौदाव्या शतकातील. नागांच्या कठड्यांमधून तीनशेहून अधिक पायऱ्या चढून जावे लागते. दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी दोघे थांबत होते. “बाहुबलीचा डोंगर तुम्ही माझ्याबरोबर कधी चढलात, आठवते?” काकींनी विचारले. अण्णांना आठवत होते. व्रत घेतले, त्याच दिवशी.

परतताना वरोरोत बाजारात अण्णांना ओली हळद दिसली. ओली हळद आहारात वर्ज्य असली, तरी व्यापाऱ्याचा हात राहवत नाही. त्यांनी एक कांडी मोडून रंग पाहिला आणि मान डोलावली. मालाच्या ढिगामागे वृद्ध दुकानदार आणि त्यांची पत्नी एकाच डब्यातून जेवत होती. गिऱ्हाईक उभे होते. दुकानदारांनी हसून हाताने थांबण्याची खूण केली आणि घास संपविला. गिऱ्हाईक थांबले. अण्णाही तेथे थोडा वेळ उभे राहिले.

त्या सायंकाळी पिवळ्या झेंड्याच्या एका लहानशा दुकानात भात, टोफू आणि पालेभाजी पुढे आली. बिलावरचे वर्ष अण्णांनी काकींना दाखविले. तेथील बुद्धसंवत इसवी सनाहून ५४३ वर्षांनी पुढे असतो. वहीवर वीर निर्वाण संवत लिहिणाऱ्या घराला त्याचे कौतुक वाटणे साहजिकच. बोलता बोलता अण्णा म्हणाले, “अगं, संध्याकाळचे दुकान मुलगा सांभाळेल.”

“तुम्हाला करमेल?” काकींनी विचारले.

“ते पाहू. साडेपाचला घरी येत जाईन.”

काकींनी काही उत्तर दिले नाही. त्यांनी अण्णांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला आणि पाण्याचा पेला पुढे सरकविला. बाहेर अजून ऊन होते.

सांगलीस परतल्यावर दुसऱ्याच दिवशी यार्डात ट्रक आला आणि अण्णांना निघावयास उशीर झाला. ते पावणेसहाला पोहोचले. काकींनी ताट झाकले नव्हते. दोन पाट मांडलेले होते.