ऋण मान्य, मिंधेपण नाही

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांमधून टर्कीचे कागद घरी येऊ लागतात. तळहात कागदावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची. अंगठ्याचं होतं डोकं, चार बोटांची होतात पिसं, आणि एकेका पिसावर लिहायचं, आपण कशाकशाबद्दल आभारी आहोत. मुलांना हा हिशेब सोपा जातो. आई, बाबा, कुत्रं, पिझ्झा. चार पिसं भरली की रंगवायला मोकळी. बाहेरून येऊन इथे संसार मांडलेल्या आम्हा आयांकडून मात्र पहिल्या पिसावर देशाचं नाव अपेक्षित असतं. तोंडावर तसं कोणी म्हणत नाही, पण नागरिकत्वाच्या समारंभातल्या भाषणात ते असतं, निवडणुकीच्या मोसमात टीव्हीवर असतं, शेजारणीच्या भाबड्या चौकशीतही असतं. आम्हीही ती अपेक्षा पुरी करतो, कारण आभार मानण्यासारखं खरंच पुष्कळ आहे. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं फुकट मिळतात, मोजून नाही, पिशवी भरून. अपंग मुलाला सरकारी शाळेत, त्याच्या गरजेप्रमाणे, मोफत शिकवलंच पाहिजे असा इथे 1975 पासून कायदा आहे, आणि केवळ त्या एका कायद्यापायी परतीचा विचार सोडून दिलेली घरं थोडी नाहीत. हे नाकारणं कृतघ्नपणा होईल. माझा वाद त्याच्या पुढच्या पायरीशी आहे. आभार मानलेस ना, मग आता गप्प बस, असं जिथे सुरू होतं तिथे. ज्या बाईला नाही म्हणायची, उणं दाखवायची मुभा नाही, तिने मानलेल्या आभारांना मी आभार म्हणणार नाही. तो मिंधेपणा झाला, आणि मिंधेपणा आईकडून मुलांकडे फार लवकर उतरतो.

गंमत म्हणजे थँक्सगिव्हिंगचा हा सण ज्या देशाचा, त्या देशाला हे कळत नाही असं नाही. सारा हेल या संपादक बाईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि लिंकनने 1863 मध्ये राष्ट्रीय आभारदिन जाहीर केला तो ऐन यादवी युद्धात, देश दुभंगलेला असताना. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला 1941 मध्ये. आणि 1970 पासून त्याच गुरुवारी मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला मूळ रहिवाशांचे वंशज जमतात आणि तो दिवस शोकदिन म्हणून पाळतात. एकाच दिवशी एकीकडे जेवणाची टेबलं भरतात, दुसरीकडे ज्यांची जमीन गेली ते सुतक पाळतात, आणि देश दोन्ही सामावून घेतो. मग बाहेरून आलेल्या बाईनेच तेवढं एकसुरी कौतुक का करावं?

आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल सव्वाशे वर्षांहून आधी एका आईने लावून ठेवला आहे. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर मनोरमा होती, जेमतेम दोन वर्षांची. नवऱ्याचा मृत्यू आदल्या वर्षीचा. वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी मायलेकींना आसरा दिला, पुढे चेल्टनमच्या कॉलेजात शिकण्याशिकवण्याची सोय झाली, दोघींचा बाप्तिस्माही त्याच वर्षी झाला. म्हणजे निवारा, शिक्षण, धर्म, सगळंच यजमानांकडून आलेलं. यापेक्षा मोठं उपकाराचं ओझं कोणत्या स्थलांतरित आईच्या डोक्यावर असेल? तरीही धर्ममताच्या आणि कोणाला शिकवावं-शिकवू नये याच्या प्रश्नांवर त्या भगिनींशी आणि बिशपांशी पत्रांतून भांडल्या. एका पुरोहितशाहीचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, आता दुसरं मानेवर घेणार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. त्यांच्या उपकारकर्त्यांना तो उर्मटपणा वाटला. पण रमाबाईंनी ना उपकार नाकारले, ना आपलं मत आवरलं. पुढे 1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, गावोगाव व्याख्यानं दिली. बॉस्टनला त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या संस्थेने विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं. त्या पैशावर मार्च 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, आणि त्याच साली त्यांचं ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ मराठीत आलं. तिथल्या बायकांच्या संघटना, त्यांची शिक्षणातली झेप यांचं त्यात तोंडभर कौतुक आहे. काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना त्या देशाने कसं वागवलं हेही आहे. ज्यांच्या देणग्यांवर शाळेचं भाडं निघत होतं त्यांच्याच देशाबद्दल! कोणी म्हणेल, मराठीत लिहिलं, बॉस्टनवाल्यांना ते थोडंच वाचता येणार होतं. पण वाँटेजला जे सांगायचं ते बाईंनी त्यांना समजेल अशा इंग्रजीतच सांगितलं होतं.

उपकार करणाऱ्याचीही एक रीत असते, आणि तिचंही उदाहरण त्याच काळातलं आहे. आनंदीबाई जोशींना न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी आपल्या घरात ठेवून घेतलं, लेकीसारखं केलं, आणि त्या बदल्यात धर्म मागितला नाही. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. 1887 मध्ये त्या पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी समुद्रापार पोकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत गेल्या. ज्या नात्यात परतफेडीची अट नसते ते नातं इतकं लांब जाऊ शकतं.

आता पहिला आक्षेप. तुम्हाला कोणी बोलावणं धाडलं नव्हतं, स्वखुशीने आलात, मग तक्रार कसली? याला माझं उत्तर व्यवहाराचं आहे. स्वखुशीने आलो म्हणजे फुकट आलो असं नव्हे. एच-वन व्हिसावर काम करणाऱ्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी मिळून 7.65 टक्के कापले जातात, तेवढेच मालक भरतो. पेन्शनचा हक्क मात्र चाळीस क्रेडिट जमल्यावर, म्हणजे साधारण दहा वर्षांच्या कामानंतर. त्याआधी परतावं लागलं तर ती रक्कम इथल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनला गेली समजायचं, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात त्याबाबतचा करार झालेला नाही. म्हातारे सुखात राहोत, त्याबद्दल कुरकुर नाही. फक्त, देणारा आणि घेणारा कोण हे जाता जाता नोंदवलेलं बरं. बायकोची गोष्ट तर आणखी पुढची. एच-फोरवर आलेल्या बाईला, ती डॉक्टर असो की सीए, 2015 पर्यंत नोकरी करायची परवानगीच नव्हती. त्या वर्षीच्या मे महिन्यापासून काहीजणींना ती मिळाली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्याला पोचलं असेल तरच. आणि ग्रीन कार्डाची रांग अशी, की कोणत्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत. भारत असो की भूतान, माप एकच. या रांगेत उभं असताना कडेवर आणलेलं मूल एकविसाव्या वर्षात पदार्पण करतं, आणि रांग तोवर संपली नसेल तर एकविसावं पुरं होताच आईवडिलांच्या व्हिसावरून त्याचं नाव गळतं. ज्याला दुसरा देश ठाऊकच नाही त्या पोराने मग स्वतःचा व्हिसा शोधायचा, नाहीतर सुटीत पाहिलेल्या आजोळी ‘परत’ जायचं. अशा मुलाच्या आईने तक्रार केली तर तो कृतघ्नपणा, आणि न केली तर ती आई कसली?

दुसरा आक्षेप दोन्ही बाजूंनी येतो. इथले म्हणतात, आवडत नसेल तर परत जा. तिकडचे म्हणतात, एवढं खुपतं तर परत या. शब्द थोडे निराळे, पण समजूत एकच, की राहणं म्हणजे सगळं पसंत असणं. या न्यायाने सांगलीत राहून सांगलीच्या रस्त्यांबद्दल बोलायची सोय उरणार नाही. ज्या घरात आपण राहतो त्याच घराच्या गळतीबद्दल आपण बोलतो. पाहुणा काही बोलत नाही. म्हणून मी म्हणते, तक्रार करू लागलेली स्थलांतरित बाई पाहुणी राहिलेली नसते. त्या देशाला तिने आपलं म्हटल्याची ती पहिली खूण आहे, आणि यजमानांनी ती आनंदाने घ्यावी.

तिकडच्या बाजूने येणाऱ्या आक्षेपात मात्र एक काटा आहे आणि तो मला बोचतो. आमच्यातले कितीतरीजण सरकारी इंजिनिअरिंग नाहीतर मेडिकल कॉलेजात नाममात्र फी भरून शिकले. उरलेला खर्च कोणी भरला? ज्यांची मुलं त्या कॉलेजाच्या दारापर्यंतही पोचली नाहीत त्यांच्या करांनी. पहिल्या पिसावर कोणाचं नाव असा प्रश्न असेल तर या सावकाराचा नंबर देशांच्या आधी लागायला हवा, आणि त्याने कधी तगादा लावलेला नाही. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी 1978 मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन काढलं, साहित्याला आणि समाजकार्याला पुरस्कार दिले, देणग्या पाठवल्या. ती या ऋणाची जाणीव आहे. पुरी फेड नव्हे.

आणि मग येते आजी. हिचं नाव कोणत्याच खात्यात नसतं. अमेरिकेत आईला बाळंतपणाची पगारी रजा देशभर देणारा कायदा नाही. 1993 च्या कायद्याने मिळतात बारा आठवडे, बिनपगारी, आणि तेही नोकरी पुरेशी जुनी आणि कंपनी पन्नास माणसांची असेल तर. भारतात 2017 पासून सव्वीस आठवडे पगारी आहेत, निदान संघटित नोकऱ्यांत. ही मधली दरी भरून काढायला साताऱ्याहून, नाशिकहून एक बाई विमानात बसते. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, घरी हुकाच्या काट्याला टांगून तीनदा तोललेल्या. आत अळीव, डिंक, भाजून ठेवलेलं खोबरं, खारकेची पूड, बाळगुटीच्या मुळ्यांची पुरचुंडी, तिच्यासाठी टॉवेलात गुंडाळलेली सहाण, आणि जुन्या लुगड्याची दुपटी, कारण नवं कापड बाळाला टोचतं. (वेखंडाला कस्टम्सच्या फॉर्मवर काय लिहावं, यावर कुटुंबात मतभेद असतात.) व्हिजिटर व्हिसावर तिला इथे काम करायची मनाई आहे. पहाटे बाळाला घेण्यापासून रात्री भांडी मशिनमध्ये लावण्यापर्यंत ती जे करते त्याला कायदा काम म्हणत नाही. त्याला काही म्हणतच नाही. सहा महिने संपत आले की तिचं विमान जातं, आणि कधीकधी लगोलग दुसऱ्या आजीचं येतं. या देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांमधलं कितीतरी बायकांचं करिअर या दोन आज्यांच्या पाळीवर उभं आहे. आभार मानताना आम्ही संधीचं नाव घेतो. ती संधी घेताना बाळ कोणाच्या मांडीवर होतं ते सांगायचं राहून जातं.

हे सगळं पटणारी आई एका जागी मात्र हमखास घसरते. देशाची मिंधी व्हायला ती तयार नसते, पण मुलांना मिंधं करायला मागेपुढे पाहत नाही. “तुमच्यासाठी आम्ही सगळं सोडून आलो” हे वाक्य परदेशातल्या मराठी घरांत मार्क कमी पडले की निघतं, मराठीच्या शाळेला दांडी मारली की निघतं, लग्नाच्या वेळी तर निघतंच. आणि ते अर्धवट खरं असतं. आम्ही मुलांसाठी आलो, तसे पगारासाठी आलो, कामासाठी आलो, नवऱ्याची बदली झाली म्हणून आलो. काहीजणी सासरच्या जाचातून चार श्वास मोकळे घ्यायला आल्या आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मूल तर कित्येकदा त्यानंतर जन्मलं. जे कर्ज त्याने काढलं नाही, ज्याच्या कागदावर त्याची सही नाही, त्याचं व्याज त्याच्याकडून का वसूल करायचं? स्वखुशीने आलात मग तक्रार कसली, असं आम्हाला विचारणाऱ्यांवर आम्ही चिडतो. मुलांना मात्र उलटं सांगतो, की तुझ्या खुशीसाठी आलो, म्हणून तू तक्रार करायची नाहीस. दोन्हींत तोंड बंद करण्याचीच युक्ती आहे.

यावर वडीलधाऱ्यांचा आक्षेप ठरलेला आहे. जाणीव करून दिली नाही तर पोरं विचारतील का म्हातारपणी? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्यामागे भीती आहे, आणि एकटीने परदेशात म्हातारं होण्याची भीती खरी असते. पण जाणीव करून देणं म्हणजे बिल फाडणं नव्हे. आपल्या परंपरेत पितृऋणाची जी कल्पना आहे तिचाच हिशेब पाहा. ते बापाला परत देऊन फिटत नाही, पुढची पिढी वाढवून फिटतं. आजीने सहा महिने दिले ते लेकीकडून परत घ्यायला नव्हे, आणि लेकीला ते आजीला परत देताही येत नाहीत. ती ते आपल्या मुलांना देते. जाणीव त्या देण्यातून पोचते. मुलाला आजीचं काम दाखवा, बॅगेतली पुरचुंडी त्याच्याकडून सोडवून घ्या, सरकारी कॉलेजाची फी किती होती आणि खर्च किती होता तो आकडा त्याच्यापुढे मांडा, व्हिसाच्या रांगेत काय सोसलं तेही सांगा. ऐकून ते म्हणालं, की मला इथली अमुक गोष्ट पटत नाही, किंवा तुमची अमुक गोष्ट पटत नाही, तर त्याला रमाबाईंच्या वंशातलं समजा.

आणि फोन करत नसतील तर जरूर रागवा. आई आहात, तेवढा हक्क आहेच. फक्त रागावताना देश सोडल्याचं काढू नका. आजीला फोन केलास का, एवढं विचारा.